चार वाजून दहा मिनिटं: मुसोलिनीच्या शेवटाचा न झालेला पंचनामा

28 एप्रिल 1945, शनिवार. उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या पश्चिम काठावर जुलिनो दी मेझेग्रा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या व्हिला बेलमोंतेच्या लोखंडी फाटकापाशी दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी बेनितो मुसोलिनी आणि त्याच्यासोबत असलेली त्याची प्रेयसी क्लारेत्ता पेताच्ची यांना गोळ्या घातल्या गेल्या. ही झाली अधिकृत हकिकत. ऐंशी वर्षं उलटली तरी त्या काही सेकंदांवर वाद सुरूच आहे: बंदूक कुणाच्या हातात होती, मरताना तो काय बोलला, मुळात वेळ आणि जागा तीच होती का. इटलीत या प्रश्नावर कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं रद्दी आहे, पण सगळंच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वेळ, जागा आणि तिथे गेलेली माणसं यांबाबत अधिकृत हकिकत टिकते. शेवटच्या शब्दांबाबत ती टिकत नाही. आणि आज जो गोंधळ आहे, त्याचं मूळ कटात कमी आणि पुढच्या चाळीस तासांत पुराव्याची जी हेळसांड झाली तिच्यात जास्त आहे.

मुसोलिनीची सत्ता खरं तर दोन वर्षं आधीच गेली होती. 25 जुलै 1943 च्या पहाटे त्याच्याच फॅसिस्ट महापरिषदेने 19 विरुद्ध 8 मतांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला, आणि त्याच दिवशी राजाने त्याला अटक करवली. सप्टेंबरमध्ये जर्मनांनी ग्रान सास्सोच्या डोंगरावरून त्याला सोडवलं आणि गार्दा सरोवराकाठी सालो इथे एक बाहुलं सरकार थाटून दिलं. 1945 च्या एप्रिलमध्ये दोस्त राष्ट्रांनी शेवटची मोठी चढाई केली आणि ते सरकार कोसळलं. त्या चढाईत आपली माणसं होती. 9 एप्रिलला सेनिओ नदीच्या बांधावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना सुरक्षित जागी आणलं, मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या निकामी केल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी जुलै 1944 मध्ये टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, त्यांना तोच सन्मान मरणोत्तर मिळाला. सेनिओची फळी फुटली आणि तीन आठवड्यांच्या आत मुसोलिनी पळत सुटला होता.

25 एप्रिलला मिलानमध्ये आर्चबिशप कार्डिनल शुस्टर यांच्या वाड्यात त्याची प्रतिकार समितीच्या प्रतिनिधींशी भेट झाली. जर्मन आपल्या पाठीमागे परस्पर शरणागतीची बोलणी करताहेत, हे त्याला तिथे कळलं. तो संतापून बाहेर पडला आणि संध्याकाळी कोमोकडे निघाला. त्याच दिवशी या समितीने, म्हणजे उत्तर इटलीच्या राष्ट्रीय मुक्ती समितीने, एक हुकूम काढला होता. त्याच्या पाचव्या कलमात फॅसिस्ट सरकारच्या सदस्यांना आणि बड्या पुढाऱ्यांना मृत्युदंड, आणि गुन्हा कमी गंभीर असेल तर जन्मठेप, अशी तरतूद होती.

27 तारखेला माघार घेणाऱ्या एका जर्मन विमानवेधी तुकडीच्या ताफ्यात तो सामील झाला. 52 व्या गारिबाल्दी ब्रिगेडच्या पार्टिझानांनी, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गनिमांनी, हा ताफा अडवला तो मुस्सो नावाच्या गावाजवळ. सौदा असा ठरला की जर्मनांनी पुढे जावं, इटालियन माणसांनी मागे राहायचं, आणि पुढे दोंगोच्या चौकात प्रत्येक ट्रकची झडती होईल. तिथे जर्मन हवाई दलाचा ओव्हरकोट आणि हेल्मेट घालून बसलेला मुसोलिनी ओळखला गेला. उर्बानो लाझ्झारो, टोपणनाव ‘बिल’, याने त्याला खाली उतरवलं. ब्रिगेडचा प्रमुख होता पिएर लुइजी बेल्लिनी देल्ले स्तेल्ले, टोपणनाव ‘पेद्रो’, आणि राजकीय कमिसार मिकेले मोरेत्ती. त्या संध्याकाळी जेर्मासिनोच्या चौकीत मुसोलिनीने एक चिठ्ठी लिहून दिली: 52 व्या गारिबाल्दी ब्रिगेडने मला आज दोंगोच्या चौकात पकडलं, पकडताना आणि नंतर मला मिळालेली वागणूक योग्य होती. खाली सही. त्याच्या शेवटच्या चोवीस तासांतला हा एवढाच कागद असा आहे, ज्यावर कुठल्याच बाजूला शंका घ्यायचं कारण नाही.

रात्री त्याला हलवायचं ठरलं. वाटेत क्लारेत्ताला त्याच्याबरोबर आणलं, आणि पहाटे दोघांना बोंझानिगो वाडीतल्या दे मारिया या शेतकरी कुटुंबाच्या घरात ठेवलं. पहाऱ्यावर दोन तरुण होते, ‘लिनो’ आणि ‘सांद्रीनो’.

तिकडे मिलानमध्ये निर्णय झाला होता. सकाळी सातच्या सुमारास ‘कर्नल व्हालेरियो’, म्हणजे वॉल्टर आउदिझिओ, आणि कम्युनिस्ट पक्षाचा मुरलेला कार्यकर्ता आल्दो लाम्प्रेदी हे डझनभर सशस्त्र पार्टिझान घेऊन निघाले. अख्खी सकाळ कोमोत स्थानिक समितीशी हुज्जत घालण्यात गेली. कैदी कुणाचा, कागद कुठे, ट्रक कोण देणार. दोनच्या सुमारास ते दोंगोत पोचले. तिथे आउदिझिओने कैद्यांची यादी मागवली आणि नावांपुढे फुल्या मारायला सुरुवात केली. क्लारेत्ताच्या नावावर बेल्लिनीने हरकत घेतली. ती चालली नाही.

कोमोतली ही सकाळ नीट लक्षात ठेवायला हवी, पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

दोंगोपासून मेझेग्रा वीसेक किलोमीटर. आउदिझिओ, लाम्प्रेदी आणि मोरेत्ती हे तिघे एका काळ्या फियाट 1100 मधून आले, गाडी स्थानिक ड्रायव्हर जेनिनाझ्झा चालवत होता. गाडी वरच्या घरापर्यंत जात नव्हती. धुणी धुवायच्या दगडी हौदाजवळच्या छोट्या चौकात ती उभी राहिली आणि हौदावर कपडे धुणाऱ्या बायकांनी ती पाहिली. दोघांना घरातून चालवत खाली आणलं गेलं. दगडी पायवाट, क्लारेत्ताच्या पायात उंच टाचांचे बूट. तुम्हाला सोडवायला आलोय, असं आउदिझिओने वर सांगितलं होतं, हे तो स्वतःच सांगतो. गाडी उतारावरून थोडी पुढे गेली आणि व्हिला बेलमोंतेच्या फाटकापाशी थांबली. रस्ता तिथे वळतो, दोन्ही बाजूंनी फारसं दिसत नाही. जागा निवडली ती याचसाठी.

आता शस्त्रांचा भाग. आउदिझिओच्या सांगण्यानुसार त्याने स्वतःच्या सबमशीनगनचा चाप ओढला तर गोळी सुटलीच नाही. मग पिस्तूल काढलं, तेही चाललं नाही. शेवटी मोरेत्तीने आपली बंदूक पुढे केली आणि तिने काम झालं. ही बंदूक फ्रेंच होती, 1938 च्या मॉडेलची मास, सेंत-एतिएनच्या कारखान्यातली, 7.65 मिलिमीटरच्या लांब काडतुसाची, 32 गोळ्यांच्या मॅगझीनची. तिचा अनुक्रमांक एफ 20830.

लागोपाठ दोन शस्त्रं बंद पडणं अनेकांना नाटकी वाटतं, आणि संशयाची सुरुवात इथूनच होते. पण पार्टिझानांच्या शस्त्रांची अवस्था काय होती ते बघा. काही विमानातून पॅराशूटने टाकलेली, काही शत्रूकडून हिसकावलेली, काही बराकी लुटून आणलेली. काडतुसं मिळतील तशी. तेल नाही, साफसफाई नाही, महिनोन् महिने ओलसर जागी लपवलेली. अशा शस्त्रांची चाचणी घ्यावी तर आवाजाने जागा कळते, म्हणून ती बऱ्याचदा न चालवताच ठेवलेली. मॅगझीनची कमान दबून राहिली की गोळी नीट वर येत नाही, काडतूस दमट झालं की ठोका बसूनही ते उडत नाही. यात काहीच विलक्षण नाही. उलट, बनावट हकिकत रचणाऱ्याने स्वतःला असं हास्यास्पद अवस्थेत कशाला दाखवलं असतं? शौर्याची गोष्ट रचायची असेल तर बंदूक पहिल्याच फटक्यात चालते.

मास-38 पुढे आउदिझिओकडून अल्बानियाला गेली, आणि तिरानाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ती पोचली. म्हणजे हत्यार हाताशी आहे. अडचण हत्याराची नाहीच, गोळ्यांची आहे. त्याकडे येतोच.

आधी शेवटचे शब्द. आउदिझिओच्या हकिकती एकाहून अधिक आहेत. पहिली 30 एप्रिल 1945 ला ‘लुनिता’ या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात निनावी आली. वर्षाअखेर त्याच दैनिकात लेखमाला आली. 1947 मध्ये त्याचं खरं नाव जाहीर झालं. त्याच्या मृत्यूनंतर आठवणी छापून आल्या. तपशील दर वेळी थोडे सरकतात, पण मुसोलिनीचं चित्र एकच राहतं: थरथरणारा, डोळे विस्फारलेला, ‘पण... पण... कर्नलसाहेब’ एवढंच पुटपुटणारा माणूस. आपण तिथे त्याला शिक्षा वाचून दाखवली, असंही आउदिझिओ सांगतो.

लाम्प्रेदीची हकिकत वेगळी आहे. 1972 मध्ये त्याने पक्षासाठी एक गोपनीय टिपण लिहिलं. ते पक्षाच्या कपाटात पडून राहिलं आणि 1996 च्या जानेवारीत ‘लुनिता’नेच ते छापलं. लाम्प्रेदी सांगतो की शेवटच्या क्षणी मुसोलिनीने ओव्हरकोटची कॉलर दोन्ही हातांनी बाजूला केली आणि म्हणाला, ‘हृदयावर नेम धर.’ ड्रायव्हर जेनिनाझ्झाच्या आठवणीतही छातीवर नेम धरायला सांगितल्याचं आहे. मोरेत्तीने तर उतारवयात सांगितलं म्हणतात की तो ‘इटली चिरायू होवो’ असं ओरडला.

तीन-चार माणसं, तेवढ्याच हकिकती. कुणाची धरायची? इथे प्रत्येकाने कुणासाठी लिहिलं ते पाहावं लागतं. आउदिझिओ 1945 मध्ये जनतेसाठी लिहीत होता. मुसोलिनी हुतात्मा होऊ नये ही त्या घटकेची राजकीय गरज होती, भित्रा मुसोलिनी हवाच होता. उलट बाजूला नवफॅसिस्टांना शूर मुसोलिनी हवा होता. लाम्प्रेदीने लिहिलं ते पक्षातल्या मोजक्या वरिष्ठांसाठी, सत्तावीस वर्षांनंतर. तो आयुष्यभर कम्युनिस्ट होता, मुसोलिनीला धैर्याचं प्रमाणपत्र देऊन त्याला काहीही मिळणार नव्हतं. आपल्या हिताविरुद्ध जाणारी साक्ष जास्त वजनाची, हा नियम इथे लागू पडतो. म्हणून शब्दांच्या बाबतीत मी लाम्प्रेदीच्या बाजूला झुकतो. पण त्यावरून मुसोलिनीच्या वीस वर्षांच्या राजवटीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. शेवटच्या पाच सेकंदांतली हिंमत इथिओपियातल्या विषारी वायूचा किंवा 1938 च्या ज्यूविरोधी कायद्यांचा हिशोब पुसत नाही.

क्लारेत्ताबद्दल सगळे जवळजवळ एकच सांगतात: ती बाजूला व्हायला तयार नव्हती आणि त्याला बिलगली. तिच्यावर कुठलाही आरोप नव्हता, कुठल्याही हुकुमाच्या कुठल्याही कलमात ती बसत नव्हती. मुसोलिनीच्या देहदंडाला, कितीही घाईचा असला तरी, 25 एप्रिलच्या हुकुमाचा आधार दाखवता येतो. तिला मारण्याला तोही नाही. अधिकृत हकिकत मान्य करणाऱ्यांनी हे गिळून टाकू नये.

आता प्रेतांचं काय झालं. त्याच संध्याकाळी दोंगोत इतर फॅसिस्ट पुढाऱ्यांना सरोवराकाठी गोळ्या घातल्या गेल्या. ट्रक ती प्रेतं घेऊन निघाला, वाटेत मुसोलिनी आणि क्लारेत्ताला उचललं, आणि 29 तारखेच्या पहाटे सगळं ओझं मिलानच्या पियाझ्झाले लोरेतो चौकात ओतलं गेलं. हा चौक मुद्दाम निवडला होता. 10 ऑगस्ट 1944 ला याच जागी 15 पार्टिझानांना मारून त्यांची प्रेतं दिवसभर उन्हात टाकून ठेवली होती. सकाळी गर्दी उसळली. लाथा, दगड, थुंकणं, प्रेतांवर गोळ्या. शेवटी काही प्रेतं एका पेट्रोल पंपाच्या छपराच्या तुळईला उलटी टांगली. दुपारनंतर ती शवागारात गेली.

30 एप्रिलच्या सकाळी मिलान विद्यापीठाच्या न्यायवैद्यक संस्थेत डॉ. काइओ मारिओ कात्ताबेनी यांनी मुसोलिनीचं शवविच्छेदन केलं. मृत्यूला जवळपास 40 तास झाले होते. त्यातून काय निघालं? हृदयाजवळ लागलेल्या चार गोळ्या मृत्यूचं कारण ठरल्या. जिवंतपणी लागलेल्या गोळ्या किती, यावर मात्र एका ठिकाणी सात, दुसऱ्या ठिकाणी नऊ असा फरक आहे. हा आकडा हलतो कारण लोरेतो चौकात प्रेतावरही गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. जिवंत शरीरात गोळी शिरली की आजूबाजूच्या ऊतींमध्ये रक्त पाझरतं, मेल्यावर शिरली तर जवळजवळ नाही. एवढ्या मारहाण झालेल्या, ट्रकमध्ये आदळलेल्या आणि तासन् तास उलट्या टांगलेल्या देहात हा फरक करणं कुठल्याही डॉक्टरला अवघड जातं. रक्त वजनाने खाली उतरतं, आणि इथे ‘खाली’ ही दिशाच दोनदा बदलली होती.

खरी हानी पुढची आहे. गोळ्यांचा कॅलिबर, म्हणजे व्यास, नोंदवला गेला नाही. क्लारेत्ताचं शवविच्छेदन झालंच नाही. फाटकापाशी पडलेल्या पुंगळ्यांचा, भिंतीवरच्या खुणांचा, कपड्यांवरच्या छिद्रांचा रीतसर पंचनामा झाला नाही. यातली एकच गोष्ट नीट झाली असती, समजा शरीरातली एक गोळी मोजून जपून ठेवली असती, तर ती 7.65 मिलिमीटरची आहे की 9 ची, हे पाच मिनिटांत कळलं असतं. वाद निम्म्याहून जास्त तिथेच मिटला असता. मेंदूचे तुकडे मात्र अमेरिकनांनी अभ्यासासाठी उचलून नेले. त्यातून काहीही निघालं नाही आणि 1966 मध्ये ते विधवेकडे परत आले. नको ते जपलं, हवं ते हरवलं.

या पोकळीत दुसरी गोष्ट रुजली: दोघांना सकाळीच, दे मारियांच्या घराजवळ मारलं, आणि दुपारी फाटकापाशी नुसतं नाटक केलं. तिचे तीन आधार सांगतात. पहिला, जठर जवळजवळ रिकामं होतं, पण दे मारिया कुटुंबाच्या सांगण्यानुसार दुपारी दोघांना पोलेंता (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी), दूध, पाव आणि सलामी (खारवलेल्या मांसाचे काप) दिली होती. दुसरा, प्रेताचा ताठरपणा. तिसरा, सकाळी गोळ्या ऐकल्याची एका बाईची साक्ष, तीही कित्येक दशकांनी दिलेली.

जठराचं बघू. हलकं जेवण जठरातून पुढे सरकायला दोन ते चार तास पुरतात. बारा ते चार म्हणजे चार तास. भीतीने पचन मंदावतं हे खरं, पण मुळात तो किती खाल्ला? घरच्यांच्या सांगण्यातच आहे की त्याने जेमतेम चिमटाभर तोंडात टाकलं. अल्सरचा जुना रोगी, तो तसाही दुधावर असायचा. रिकाम्या जठरावरून मृत्यूची वेळ काढणं ही न्यायवैद्यकातली सगळ्यात कच्ची पद्धत आहे.

ताठरपणाचं तर आणखीच कठीण. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत तो जबड्यापासून सुरू होतो, बाराएक तासांत पूर्ण शरीरभर पोचतो, आणि दीड-दोन दिवसांत उतरू लागतो. हवा थंड असेल तर सगळं लांबतं, आणि सांधे जोराने वाकवले तर ताठरपणा मोडतो तो परत येत नाही. हे देह दोन दिवसांत किती वेळा उचलले, फेकले, ओढले, टांगले गेले ते वर आलंच आहे. सकाळी नऊ आणि दुपारी चार यांत फरक सात तासांचा. चाळीस तासांनंतर, असल्या देहावरून, सात तासांचा फरक सांगणं कुणालाही शक्य नाही. जो सांगतो तो आधीच ठरवून बसलाय.

आणि मग कोमोतली ती सकाळ. सकाळी आउदिझिओ आणि लाम्प्रेदी कोमोत होते, आणि पाहणारे त्यांच्या पक्षाचेच नव्हते. स्थानिक समितीतले भांडणारे विरोधक होते. म्हणजे सकाळच्या हत्येसाठी वेगळे मारेकरी लागतात, मग दुपारच्या नाटकासाठी प्रेतं वाहून आणणारे लागतात, आणि हौदावरच्या बायकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे आयुष्यभर गप्प बसणारे लागतात. वेगळे मारेकरी म्हणून मग ब्रिटिश हेर आणले जातात. कारण काय, तर चर्चिलने मुसोलिनीला लिहिलेली पत्रं. चर्चिल सप्टेंबर 1945 मध्ये कोमो सरोवराकाठी चित्रं काढायला सुट्टीवर आला होता, एवढंच यात खरं आहे. अशी अस्सल ठरलेली गुप्त पत्रं कुणीही कधी समोर ठेवलेली नाहीत.

पण लोकांना संशय का आला, हेही समजून घ्यायला हवं. 29 सप्टेंबर 1943 ला माल्टात झालेल्या शस्त्रसंधीच्या 29 व्या कलमानुसार मुसोलिनीला पकडून दोस्तांच्या ताब्यात देणं इटलीवर बंधनकारक होतं. म्हणून मिलानच्या समितीला घाई होती. अमेरिकन अधिकारी त्याच्या मागावर होते आणि त्यांच्या आधी पोचायचं होतं. घाई आणि लपवाछपवी या दोन्ही खऱ्या होत्या, फक्त त्यांचं कारण सरळ होतं. त्याहून काळी बाजू नंतरची. पहाऱ्यावरचा ‘लिनो’ 5 मेला गोळी लागून मेला, अपघात म्हणून. त्या रात्री कैद्यांसोबत असलेला ‘नेरी’, म्हणजे लुइजी कानाली, 7 मेला गायब झाला. त्याची साथीदार ‘जान्ना’ 23 जूनला मारली गेली. हे मृत्यू फाटकापाशी काय घडलं त्यापेक्षा ताफ्यात सापडलेल्या सोन्यानाण्याशी आणि पक्षांतर्गत हिशोबांशी जोडलेले दिसतात. पण साक्षीदार असे एकामागून एक गेले की उरलेल्यांच्या तोंडून सत्य आलं तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार?

हे सगळं शपथेवर तपासण्याची एक संधी आली होती. 29 एप्रिल 1957 ला पादोव्हाच्या न्यायालयात दोंगोच्या सोन्याचा खटला उभा राहिला. आउदिझिओसकट अनेकांच्या जबान्या झाल्या. ऑगस्टमध्ये ज्युरीतल्या एका सदस्याचा मृत्यू झाला, कामकाज तहकूब झालं, आणि पुन्हा कधीच सुरू झालं नाही. 2006 मध्ये मुसोलिनीच्या नातवाने प्रेत उकरून पुन्हा तपासावं अशी मागणी केली. तीही पुढे गेली नाही. हाडांवर गोळ्यांच्या खुणा अजून असतील आणि बंदुकीचा नंबरही माहीत आहे. त्यामुळे कॅलिबरचा प्रश्न तरी आजही सोडवता येण्याजोगा आहे, आणि प्रेदाप्पिओ गावातली मुसोलिनीची कबर त्यासाठी एकदा उघडायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.